गोदीनंतरची बांधणी

नवी बोट विकत घेतली जाते त्या दिवशी कागदोपत्री तिचा मालक बदलतो. परंतु अनोळखी प्रवाशांना भाड्याने देण्याजोगी ती होते ती त्यानंतरच्या दोन टप्प्यांत. पहिला टप्पा तिच्या सज्जतेचा आणि दुसरा बांधणीच्या बंदरापासून कामाच्या बंदरापर्यंत तिने स्वतःच्या बळावर केलेल्या पहिल्या लांब प्रवासाचा, ज्याला नौकानयनाच्या व्यवहारात ‘डिलिव्हरी’ असे म्हटले जाते. हा प्रवास वाहतुकीच्या खर्चाचा एक रकाना आहे, अशी समजूत खरेदीदारांमध्ये सर्रास आढळते आणि तीच अनेक अपघातांच्या आणि फसलेल्या व्यवसायांच्या मुळाशी असते. वास्तविक डिलिव्हरी हा बोटीच्या बांधणीचाच अखेरचा भाग होय, कारण गोदीतील कारागिराला जे दिसत नाही ते लाटांच्या सलग माऱ्यात दिसते आणि जे दिसते ते दुरुस्त करण्याची मुभा प्रवासी चढण्यापूर्वीच असते. दोन कायांच्या, म्हणजे कॅटामरान जातीच्या, शिडाच्या बोटीला हे विधान विशेषच लागू पडते.

सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या खडकीच्या संदर्भात या विषयाची मांडणी करणे प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटेल. खडकीची सामान्य ओळख १८१७ च्या लढाईने, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याने आणि छावणीने घडली आहे. तथापि याच छावणीत ‘बॉम्बे सॅपर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे मुख्यालय आहे, आणि सॅपर म्हणजे सैन्यासाठी रस्ते, पूल, सुरुंग व अडथळे यांचे काम करणारा अभियांत्रिकी जवान. नदी ओलांडणे हा त्याच्या कामाचा गाभा असल्याने पाणी, प्रवाह, तरंगशक्ती आणि भार यांचा अभ्यास त्याला टाळता येत नाही. २०२० मध्ये द्विशताब्दी पूर्ण केलेल्या या दलाच्या परिसरालगत मुळा वाहते, पलीकडे दापोडीला पवना तिला मिळते आणि तेथेच सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय (सी.एम.ई.) आहे, ज्याच्या आवारातील लष्करी रोइंग केंद्रात राष्ट्रीय वल्हवण स्पर्धा झाल्या आहेत. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावातून बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झालेले दत्तू भोकनळ येथेच घडले; २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी वल्हवणात ते तेराव्या स्थानी राहिले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. समुद्र दूर असला तरी पाण्याशी खडकीचे नाते असे जुने आणि कामाचे आहे.

सॅपरच्या प्रशिक्षणातील एक साधन येथे समजून घेतले पाहिजे. नदीवर पूल टाकण्याइतका वेळ वा सामग्री नसते तेव्हा पाँटून, म्हणजे सपाट तळाचे पोकळ तरते, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवून त्यांवर फळ्यांचा मंच बांधला जातो, आणि या तराफ्यावरून वाहने, तोफा व माणसे पलीकडे नेली जातात. तरते जितके दूर ठेवावे तितका तराफा आडव्या दिशेने स्थिर राहतो. मात्र मंचाच्या सांध्यांवर पडणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. अशा प्रत्येक तराफ्याला भारवर्ग ठरवून दिलेला असतो, म्हणजे तो किती वजनाचे वाहन सुरक्षितपणे नेऊ शकेल याचा ठरीव आकडा. आणि हा आकडा स्थिर नसून प्रवाहाचा वेग वाढला की तो कमी धरावा लागतो. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनसोबत तैग्रिस नदीकाठी गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्यांना तरत्या पुलांची आणि तराफ्यांची कामे ज्या परिस्थितीत करावी लागली, तिच्यात या नियमाची किंमत जवानांच्या जिवाने मोजली जात होती. दोन तरते, मधला मंच, सांध्यांवरील ताण आणि परिस्थितीनुसार बदलणारा भारवर्ग ही चार सूत्रे ध्यानात ठेवली तर कॅटामरानचे निम्मे शास्त्र हाती येते.

कॅटामरानमध्ये दोन अरुंद, लांब काया समांतर असतात आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या मंचावर, ज्याला ब्रिजडेक म्हणतात, बैठकीची खोली आणि स्वयंपाकाची जागा असते. दक्षिण कोकणात होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेली उलांडी याच तत्त्वावर चालते, कारण मुख्य कायेपासून दूर पाण्यावर टेकलेला तो लाकडी तरता होडीला कलंडू देत नाही. एककायी शिडाच्या बोटीची स्थिरता वेगळ्या मार्गाने येते. तिच्या तळाशी शिसे किंवा लोखंड भरलेली जड कण्यासारखी पाती असते. वाऱ्याने बोट कलली की शिडातून वारा निसटतो, खालचे वजन तिला परत उभे करते आणि पूर्ण उलटली तरी सुयोग्य बांधणीची एककायी बोट पुन्हा सरळ होण्याची दाट शक्यता असते. कॅटामरानला असे वजन नसते. तिचा प्रतिकार थोड्याशा कलण्यातच कमाल मर्यादेला पोहोचतो. वाऱ्याकडील काया पाण्याबाहेर आली की तो झपाट्याने घटतो, आणि उलटल्यानंतर ती उलट्या अवस्थेतही तितकीच स्थिर राहते. त्यामुळे कॅटामरानवर धोक्याची सूचना देहाला जाणवत नाही. एककायी बोटीत पायाखालचा उतार वाढला की नवखाही सावध होतो. येथे मात्र मेजावरचा चहा सांडत नाही तोवरच वाऱ्याचा जोर डोलकाठी मोडण्याइतका झालेला असू शकतो. म्हणून कॅटामरानवर शीड केव्हा आखूड करायचे हे तांडेलाच्या अंदाजावर न सोपवता वारामापकावरील आकड्यांवर आधी ठरवून ठेवावे लागते.

याच रचनेतून दुसरी गोष्ट निघते. वाऱ्याचा झोत आला असता एककायी बोट कलते आणि ताण ओसरतो. कॅटामरान कलत नसल्याने तोच ताण थेट डोलकाठी, तिला धरणाऱ्या पोलादी तारा आणि त्या तारा जेथे कायेत रुजतात ते पत्रे यांवर येतो. बहुतेक कॅटामरानांत डोलकाठीच्या मागून ताण देणारी स्वतंत्र तार नसते. बाजूच्या तारा मागे झुकवून बसवतात आणि पुढील तार दोन कायांना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर टेकलेली असते. नव्या तारा पहिल्या काही शे मैलांत थोड्याबहुत ताणल्या जातातच, त्यामुळे गोदीत मोजून दिलेला ताण हा आरंभीचा ताण समजावा लागतो. तो पुन्हा मोजण्याची वेळ डिलिव्हरीच्या पहिल्या मुक्कामावर येते आणि ती टाळली गेली तर पुढील सुट्टीच्या हंगामात ती जबाबदारी नकळत प्रवाशांच्या डोक्यावर येऊन पडते.

भारतीय सैन्याच्या अभियंता दलाने केलेला ‘तृष्णा’चा प्रयोग या संदर्भात बोलका आहे. बॉम्बे सॅपर्स ज्या दलाचा घटक आहेत त्या दलाने जगप्रदक्षिणेचा संकल्प केला तेव्हा हाती आली ती फिनलंडच्या नॉटर या कारखान्यात बांधलेली, स्वान जातीची, ३७ फुटांची फायबरग्लासची एककायी बोट. ती इंग्लंडमध्ये, वापरलेल्या अवस्थेत घेण्यात आली आणि तेथून मुंबईपर्यंत आणण्याचा प्रवास हीच मोहिमेची पूर्वतयारी ठरवण्यात आली. हा निर्णय सॅपरच्या शिस्तीशी सुसंगत होता, कारण भार देऊन पाहिल्याविना पूल सैन्याच्या हवाली न करण्याची सवय या दलाच्या अंगवळणी असते. टी. पी. एस. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली आणि के. एस. राव यांच्या कप्तानपदाखाली दलाच्या अधिकाऱ्यांनी २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबई सोडली आणि १० जानेवारी १९८७ रोजी ते परतले. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय आणि टपाल खात्याने तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मोहिमेच्या यशाचे वर्णन करताना वादळांवर भर दिला जातो. परंतु जगाच्या फेरीला निघण्यापूर्वीच बोट आणि माणसे यांनी एकमेकांना लांब पल्ल्यावर पारखून घेतलेले होते, हे तिच्या यशाचे कमी चर्चिले गेलेले कारण आहे.

मुंबईतूनच निघालेले दुसरे उदाहरण याहून जुने आहे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत भारतीय कारागिरांकडून सागवानाची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची बोट बांधून घेतली. तिला इंग्लंडला नेण्याचा प्रवास त्यांनी १९६५ च्या अखेरीस सुरू केला, दक्षिण आफ्रिकेत पैसे संपल्यामुळे तेथे थांबून काम केले आणि केपटाउनहून पुढचा टप्पा न थांबता पार पाडत १९६७ मध्ये ते लंडनला पोहोचले. पुढे १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले दर्यावर्दी ठरले. त्या फेरीत आपोआप दिशा धरून ठेवणारे वायुसुकाणू ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले, तेव्हा केवळ शिडांचा समतोल साधून ‘सुहेली’ स्वतः सरळ चालू शकते ही माहिती निर्णायक ठरली. अशी माहिती कोणत्याही आराखड्यात नसते, ती मुंबई ते लंडन या प्रवासाची कमाई होती.

नॉक्स-जॉन्स्टन यांची ही प्रदक्षिणा एका स्पर्धेचा भाग होती. त्याच स्पर्धेत उतरलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची कहाणी विरुद्ध दिशेची आहे. त्यांची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ ही त्रिकायी बोट मुदत संपत आली असतानाही अपुरी होती. बांधणीच्या ठिकाणापासून टेनमथपर्यंतचा जो प्रवास तीन दिवसांत उरकेल अशी अपेक्षा होती, त्याला सुमारे दोन आठवडे लागले. वाऱ्याच्या रोखाने चढत जाण्यात बोट अतिशय कमजोर आहे आणि कायांच्या झडपांतून पाणी शिरते, ही गोष्ट त्या प्रवासाने स्पष्टपणे सांगितली. दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. ३१ ऑक्टोबर १९६८ या स्पर्धेच्या नियमांनुसार अखेरच्या दिवशी ते निघाले आणि १० जुलै १९६९ रोजी त्यांची बोट अटलांटिकमध्ये निर्मनुष्य आढळली. डिलिव्हरीचे सांगणे ऐकूनही वेळापत्रकापुढे मान तुकवली की काय घडते, याचा याहून दुःखद पुरावा नौकानयनाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या सर्व उदाहरणांतून भाड्याने चालवायच्या कॅटामरानची सज्जता कशी असावी हे नेमकेपणाने मांडता येते. मोठ्या पर्यटन-कॅटामरानांची बांधणी मुख्यत्वे फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे होते, आणि त्यांपैकी कित्येक बोटी शिडे उभारून स्वतःच महासागर ओलांडत ग्राहकांच्या बंदरात पोहोचतात. ताबा घेताना पहिले काम त्रयस्थ पाहणी-अधिकाऱ्याकडून, म्हणजे सर्व्हेयरकडून, बोट पाण्याबाहेर उचलून तपासण्याचे असते. फायबरग्लासच्या थरांमध्ये पोकळी राहिली आहे का हे हलक्या हातोडीच्या आवाजावरून कळते; ब्रिजडेक जेथे कायांना मिळतो त्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा नाहीत ना, हे बारकाईने पाहावे लागते, कारण दोन लाटांवर दोन काया वेगवेगळ्या उचलल्या जातात तेव्हा सारा पीळ त्याच जागी बसतो. पाण्याखालील भागाला शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून जो विशेष रंग देतात तो उष्ण कटिबंधाला साजेसा असावा लागतो, कारण मुंबई बंदराच्या कोमट पाण्यात खवले धरण्याचा वेग थंड समुद्रांहून पुष्कळ अधिक असतो. तळाच्या धातूच्या भागांवर जस्ताचे तुकडे बसवतात. खाऱ्या पाण्यातील विद्युत-रासायनिक झीज आधी जस्ताला खाते आणि पंखा व दांडा वाचतात.

यंत्रांची बाब कंटाळवाणी वाटते, परंतु डिलिव्हरीतील खोळंब्याची बहुतेक कारणे तेथेच सापडतात. कॅटामरानच्या प्रत्येक कायेत एक डिझेल इंजिन असते आणि पुष्कळ बोटींत त्याला सेलड्राइव्ह जोडलेला असतो, म्हणजे इंजिनाची शक्ती कायेतून सरळ खाली उतरणाऱ्या पायामार्फत पंख्याला देणारी रचना. कायेच्या भोकाशी तिला रबरी पडद्याने बंदिस्त केलेले असते. त्यातील तेल दुधट दिसू लागले की समुद्राचे पाणी आत शिरले असे समजावे. नव्या इंजिनाचे तेल साधारण पहिल्या पन्नास तासांनंतर बदलावे लागते आणि हे तास डिलिव्हरीतच भरतात. नव्या बोटीच्या टाक्यांत आणि तळाच्या पोकळीत बांधणीच्या वेळचा फायबरचा भुगा, लाकडाचे छिलके व चिकटपट्ट्यांचे तुकडे राहून गेलेले असतात. शांत बंदरात ते तळाशी बसून राहतात आणि पहिल्याच खवळलेल्या रात्री वर येऊन इंधनाच्या गाळण्या आणि पाणी उपसणारे पंप एकाच वेळी बंद पाडतात. म्हणून जाणता कप्तान निघण्यापूर्वी टाक्या उघडून पुसून घेतो आणि गाळण्या, पाणी फिरवणारी रबरी चकती, पट्टे यांचे सुटे संच पुरेसे बरोबर ठेवतो. तळाच्या प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असावी, हा संकेत जुना असला तरी त्याला पर्याय सापडलेला नाही.

सुरक्षिततेच्या साहित्यात फुगणारा जीवनतराफा, कायेच्या पुढून मागपर्यंत ताणलेल्या पट्ट्या ज्यांना खलाशाचा कमरबंद अडकवतात, आसपासच्या जहाजांची ओळख व मार्ग दाखवणारी एआयएस यंत्रणा, बिनतारी संच आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकटसंकेत धाडणारे बीकन हे सर्व येते. या बीकनची नोंदणी बोट ज्या देशाच्या निशाणाखाली आहे तेथे बोटीच्या नव्या नावाने झालेली असणे अत्यावश्यक आहे, कारण मालक बदलल्यावर जुनी नोंद तशीच राहिली तर बचावयंत्रणा भलत्याच बोटीचा शोध घेऊ लागते. कॅटामरानला याखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात: उलटल्यावर बाहेर पडण्यासाठी कायेच्या बाजूला किंवा ब्रिजडेकच्या तळाला असलेली झडप, जी आतून सहज उघडते याची खात्री केलेली असावी, आणि वादळात वेग रोखून बोट लाटेवरून घसरू न देणारा, मागे सोडायचा कापडी रोधक. भाड्याच्या बोटीवर ही सामग्री कोठे आहे हे पाहुण्याला पहिल्या तासाभरात दाखवले पाहिजे.

वजनाचा मुद्दा येथे सर्वांत मोलाचा आहे आणि व्यवसायाच्या हिशेबात तोच सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. अरुंद कायांमुळे कॅटामरान चपळ असते, परंतु त्याच कारणाने अतिरिक्त भाराखाली ती लवकर दबते. ब्रिजडेक आणि पाणी यांतील अंतर घटते आणि समोरून येणारी प्रत्येक लाट खालून आदळू लागते, ज्याला खलाशी ‘स्लॅमिंग’ म्हणतात. भाड्यासाठी बोट सजवताना वातानुकूलन यंत्र, पाणी गोड करण्याचे संयंत्र, जनरेटर, जास्तीच्या बॅटऱ्या, शीतपेट्या, पाणखेळांची साधने आणि प्रत्येक खोलीतील स्वच्छतागृहाची सांडपाणी टाकी हे सर्व वाढत जाते. तराफ्याच्या भारवर्गाची शिस्त येथे जशीच्या तशी लागू होते: आराखड्यातील जलरेषा, म्हणजे पूर्ण भाराने बोट जेथवर बुडावी ती पातळी, रंगाने आखून ठेवावी आणि साहित्य चढवल्यानंतर ती रेषा पाण्याखाली गेली तर शोभेच्या वस्तू उतरवाव्यात. हा निर्णय मालकाला आवडत नाही. तो घेण्याचा अधिकार मात्र कप्तानाकडेच असला पाहिजे.

केव्हा निघावे याचा निर्णय अरबी समुद्राच्या वाऱ्यांनी होतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे हा समुद्र खवळून टाकतात आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचे कोरडे, बहुधा संयत वारे वाहतात. गाबीत, खारवी आणि कोळी दर्यावर्दी नारळी पौर्णिमेनंतर गलबते व मचवे पाण्यात घालत आले ते याच ज्ञानावर. युरोपातून भूमध्य समुद्र, सुवेझ कालवा आणि तांबड्या समुद्रामार्गे येणाऱ्या बोटीला तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात पाठीवर वारा मिळतो. दक्षिण भागात हिवाळ्यात तोच समोरून येतो आणि एडनहून पुढे मुंबईपर्यंत ईशान्य वारा नाकासमोर उभा राहतो. कॅटामरानला वाऱ्याच्या रोखाने चढत जाणे जड जाते आणि स्लॅमिंगही तेव्हाच सर्वाधिक होते, त्यामुळे या टप्प्यासाठी ऋतू पालटण्याच्या सुमाराचे मंद वारे धरणे श्रेयस्कर असते. मात्र मे-जूनमधील चक्रीवादळांचे सावट तेव्हा लक्षात घ्यावे लागते. सोमाली चाचेगिरीच्या काळात अनेक मालकांनी आपल्या बोटी मालवाहू जहाजावर चढवून आणणे पसंत केले आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांनी तीच वेळ पुन्हा आली. जहाजावरून आलेली बोट सुखरूप पोहोचते, परंतु परीक्षा न देताच. अशा बोटीला कामाच्या बंदरातून बाहेर काढून काही दिवसांचा खुल्या समुद्रातील फेरा मुद्दाम घडवणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

मुद्दाम घडवलेल्या अशा फेऱ्याचे उत्तम उदाहरण मराठी माणसाच्या कर्तबगारीतूनच पुढे आले. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने नौदलाने एकट्याने जगप्रदक्षिणेची मोहीम आखली, दिवाडी बेटावरील ॲक्वेरियस गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी डच आराखड्यावरून ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली आणि कमांडर दिलीप दोंदे बांधणीच्या काळात तिच्याजवळ राहिले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाल्यावर ऑगस्टमधील प्रस्थानापूर्वी त्यांनी तिला मॉरिशसपर्यंत नेऊन आणले आणि परतीचा टप्पा एकट्याने केला. १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळातील त्यांची प्रदक्षिणा सर्वज्ञात आहे. त्या आधीचा मॉरिशसचा फेरा मात्र बोट आणि माणूस यांची एकत्र कसोटी होती आणि तिच्यात उघड झालेल्या उणिवा गोव्यातील कारागिरांच्या हाती वेळेवर देता आल्या.

डिलिव्हरीवर साधारणतः तीन ते पाच खलाशी असतात आणि दिवस-रात्र चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या जातात. जमीन आणि लाकूडकाम खराब होऊ नये म्हणून ते आतून पुठ्ठे व प्लॅस्टिकने झाकतात, गाद्या गुंडाळून ठेवतात आणि मोजक्याच जागा वापरतात. प्रत्येक पाळीच्या शेवटी वारा, वेग, इंजिनाचे तास, बॅटरीचा दाब आणि उपसलेले पाणी यांची नोंद वहीत होते, आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर दोषांची यादी वाढत जाते: अमुक खिडकीतून ठिबक, तमुक कप्पी घासते, डावे सुकाणू जड लागते. हमीच्या काळात गोदीकडे करायच्या मागणीचा आधार ही यादी असते.

भाड्याच्या नौकानयनाला कोकण किनाऱ्यावर अनुकूल इतिहास आहे. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा मार्गावर दमानिया कॅटामरान धावली, गेटवे ते मांडवा ही कॅटामरान-सेवा अलिबागकरांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाली आणि मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट ग्रीसमध्ये बांधली जाऊन स्वतःच्या यंत्रांवर २०२० च्या फेब्रुवारीत मुंबईला आली. परंतु याच पट्ट्यात १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. परळ-गिरगावातील आणि अलिबागच्या पंचक्रोशीतील कित्येक घरांत तो दिवस अद्याप विसरलेला नाही. प्रवासी नेणाऱ्या बोटीच्या मालकाने कोणता कायदा पाळावा हे सांगताना या घटनेची आठवण ठेवावी लागते. बाराहून अधिक प्रवासी नेणारी बोट आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवासी जहाज ठरते. त्याखालील बोटीही महाराष्ट्र सागरी मंडळाच्या आणि २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याच्या कक्षेत त्यांच्या क्षेत्रानुसार येतात, तपासणीस पात्र असतात आणि पावसाळ्यात लहान प्रवासी बोटींची वाहतूक बंद राहते.

ही तपासणी प्रामुख्याने बंदरात उभ्या बोटीची होते. जॅकेटे मोजली जातात, अग्निशामकांच्या तारखा पाहिल्या जातात, इंजिन सुरू करून बंद केले जाते. हे आवश्यकच आहे. परंतु वर मांडलेल्या दोषांपैकी ताणलेल्या तारा, भुग्याने तुंबलेले पंप, पिळाने उघडणारे कोपरे आणि भाराखाली दबणारा ब्रिजडेक यांतला एकही दोष धक्क्याला बांधलेल्या बोटीत दिसत नाही. म्हणून भाड्याच्या परवान्यासाठी अर्ज करताना कप्तानाची सही असलेली डिलिव्हरीची नोंदवही, तिच्यातील दोषांची यादी आणि प्रत्येक दोषाचे निराकरण केल्याचा पुरावा ही कागदपत्रे मागितली जावीत. जहाजावर चढवून आणलेल्या बोटीसाठी खुल्या समुद्रातील ठरावीक मैलांचा चाचणीफेरा बंधनकारक असावा. आणि कॅटामरानच्या बाबतीत पूर्ण सजावटीनंतरची जलरेषा मोजून कमाल प्रवासीसंख्येचा आकडा प्रवेशदाराशी ठळक लावला जावा, ज्याप्रमाणे सैनिकी पुलाच्या तोंडाशी पिवळ्या गोल फलकावर त्याचा भारवर्ग लिहिलेला असतो. तो आकडा ओलांडणाऱ्या वाहनाला, मग ते कोणाचेही असो, सॅपर पुलावर चढू देत नाही. मांडव्याच्या धक्क्यावर सुट्टीच्या दिवशी उभ्या असलेल्या खलाशालाही नकाराचा तेवढाच अधिकार लेखी मिळाला पाहिजे.